तो पेच आबांनी बिघडवला नव्हता

धुळ्यात आमच्या गल्लीत एक गोष्ट अजून सांगितली जाते. माझा मुलगा दुकानात येणाऱ्याला चहा सांगता सांगता ती ऐकवतो आणि ऐकणारा माझ्याकडे कौतुकाने पाहतो. एका जुन्या मिस्त्रीचे डोळे गेले, हात कापायला लागला, त्याने चोपड्याकडच्या एका पाटलाची विलायती दुनळी बंदूक खराब केली. आणि त्याच्या हाताखालच्या जवान कारागिराने ती अशी सुधारली की पाटील बघतच राहिला. गुरूने बिघडवलं, चेल्याने सुधारलं. तो चेला मी. गोष्टीचा शेवट खरा आहे, बंदूक मीच सुधारली. सुरुवात खोटी आहे, आणि ती खोटी मीच पसरू दिली.

ही दुसरी मोठी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली हकिकत. आग्रा रोडवरून आत वळलं की एका गल्लीत बंदुका दुरुस्त करण्याचं ते दुकान होतं. परवाना आबांच्या नावाचा. आबा माझ्या नात्यातले नव्हेत. सारी गल्लीच त्यांना आबा म्हणायची. मी त्यांच्याकडे आलो तो पोरसवदा शिकाऊ म्हणून नव्हे. माझं लग्न झालेलं होतं आणि जळगावला एका जिनात मी फिटर होतो. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद पडायचा आणि आम्ही रिकामे. कोणीतरी आबांना सांगितलं की हा कानस बरी चालवतो, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं.

जिनातली सवय वेगळी असते. तिथे बोल्ट हलला नाही तर लांब पाना लावायचा, त्यानेही हलला नाही तर छिन्नीने तोडायचा आणि नवा घालायचा. बोल्टाला कोण विचारतो? आबांच्या दुकानात आल्यावर पहिल्यांदा कळलं की पेचालाही घर असतं. जुन्या विलायती बंदुकीचा प्रत्येक पेच त्याच्या एकाच भोकासाठी केलेला. तो पुरता बसला की त्याच्या डोक्यावरची खाच नळीच्या दिशेने सरळ येते. सगळ्या खाचा एका ओळीत, शेतातल्या सऱ्यांसारख्या. दोन पेचांची अदलाबदल झाली तर खाचा तिरप्या उभ्या राहतात, आणि जाणता माणूस दुरूनच ओळखतो की ही बंदूक कोणी अडाण्याने उघडली आहे. म्हणून आबांनी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची एक फळी केली होती. तिच्यावर बंदुकीची आकृती कोरलेली. काढलेला पेच त्या-त्या जागी टोचून ठेवायचा.

खाचाही फार अरुंद, पोस्टकार्डाच्या जाडीच्या. बाजारातला पेचकस टोकाशी निमुळता असतो. तो अशा खाचेत बुडापर्यंत जात नाही, वरच्या ओठांवर टेकतो, आणि जोर दिला की ओठ फाडून बाहेर उडी मारतो. आबा दर वेळी पेचकस घासून खाचेच्या मापाचा करून घेत. दोन्ही बाजू सपाट, टोक चौकोनी, खाचेच्या लांबीइतकंच रुंद. त्यांची स्वतःची पेटी होती. तिच्यात असे घासलेले पेचकस कापडात गुंडाळून ठेवलेले असत. तिला हात लावायचा तर विचारून.

"पेचाचं डोकं म्हणजे माणसाचं तोंड," ते म्हणायचे. "एकदा ओरबाडलं का आत कितीबी चांगलं असू दे, लोक आधी तेच बघतील."

आमच्याकडच्या बंदुकांना आणखी एक रोग होता, आणि तो भक्तीने दिलेला. दसऱ्याला शस्त्रांची पूजा. पाटलाघरची बंदूक पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवतात, तिला हळद-कुंकू लावतात, तेलाचा हात फिरवतात. ते कुंकू पेचांच्या खाचांत जाऊन बसतं. दुसऱ्या वर्षी त्यावर दुसरं. वर्षानुवर्षं साचून खाचेत त्याचा दगड होतो, आणि खाली आट्यांत पाणी उतरून गंज चढतो. बाहेरून खाच फक्त लाल रेघेसारखी दिसते. आबा बाभळीच्या काट्याने आणि घासलेटने ते कुंकू कोरून काढायचे. सुई वापरू द्यायचे नाहीत, सुईने लोखंडावर ओरखडा उठतो. पेच तरीही जाम असला तर तेल सोडून ठेवायचं आणि सकाळपर्यंत नाव काढायचं नाही. "आज तेल, उद्या पेच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेजारी कापडाचं दुकान असलेले मारवाडी शेटजी त्यावर हसायचे. "आबांचा 'उद्या' म्हणजे आमच्या रंगाऱ्याचा 'पक्का रंग'. धुतल्यावर कळतो!"

आबा हसून पान पुढे करायचे.

त्या वर्षी दसरा तोंडावर आला असताना चोपड्याकडचे ते पाटील, नाना, आले. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, केळीच्या बागा, आणि बागांत रानडुकरं. बंदूक त्यांच्या वडिलांची, बाहेर दोन घोडे असलेली दुनळी; चाप ओढला की घोडा आपटून बार उडायचा. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर तितर कोरलेला. इतका बारीक की पिसंन्‌पिसं मोजावी. नाना दुकानाच्या पायरीवरूनच बोलू लागले.

"आबा, डावा घोडा टिकत नही. चढावा का पडी जास. तिकडे डुकरं केयीमा घुसी ऱ्हायनात, नि परवा दसरा शे. बापनी बंदूक पूजामा नही ऱ्हायनी तं माय मले घरमा घुसू देनार नही."

आबांनी बंदूक उजेडात धरली. डाव्या घोड्याची कळ, म्हणजे आतली यंत्रणा, उघडायची तर पट्टी काढावी लागणार, आणि पट्टी धरून ठेवणारा लांब आडवा पेच कुंकवाने भरलेला. त्यांनी एका बारीक पेचकसाने अगदी हलकेच अंदाज घेतला. पेच हलला नाही. त्यांनी लगेच हात मागे घेतला आणि वरून तेलाचे थेंब सोडले.

"नाना, एक रात राहू द्या. कुंकू भिजू द्या. आज तेल, उद्या पेच."

"उद्या?" नाना म्हणाले. "उद्यानी मोटार चुकनी तं मना दसरा धुयामाच व्हई!"

"तर मग आमच्याकडे जेवा दसऱ्याला. आमच्या घरातल्या पुरणपोळी करतील."

नाना कुरकुरत बाजारात गेले. जेवायला घरी जाताना आबा मला म्हणाले, "ह्याला हात लावू नको, भाऊ." एवढंच. रागाने नाही, बजावून नाही; दार लोटून घे म्हणावं तसं.

थोड्या वेळाने नाना परत आले. हातात आईसाठी घेतलेलं लुगडं. शेटजींच्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि मला म्हणाले, "भाऊ, तुमीच करी टाका ना. म्हतारा मानूस उद्या-उद्या करस. तुमना हात जवान शे. दुपारनी मोटार भेटी जाई."

शेटजींनी भर घातली. "करून टाका मिस्त्री. आबा येईस्तोवर नाना अमळनेरला पोचलेले असतील."

मी हे लिहितो आहे ते दोष त्यांच्यावर ढकलायला नाही. त्यांनी गंमत केली. मला मात्र ती गंमत गोड लागली. रोज 'उद्या' ऐकून मी कंटाळलो होतो, आणि एकदा तरी लोकांनी आबांना सोडून माझ्याकडे बघावं असं मला कधीपासून वाटत होतं. मी आत गेलो.

आबांची पेटी तिथेच होती. ती उघडली असती तर बरोबर मापाचा पेचकस मिळाला असता. पण न विचारता पेटी उघडण्याची मला लाज वाटली. आज आठवून हसू येतं, त्या घडीला लाज वाटली ती पेटीची. मी रोजचा जाड पेचकस उचलला. काट्याने कुंकू कोरायला धीर नव्हता. अर्ध्या भरलेल्या खाचेत टोक टेकवलं, जिनात धरायचो तशी मूठ आवळली आणि जोर दिला.

पेच हलला नाही. पेचकसाने उडी मारली. खाचेचा एक ओठ वर वळून फुटला, आणि टोक पट्टीवरून घसरत तितराच्या मानेवरून गेलं. मी घाबरून पुन्हा जोर दिला, उलट्या बाजूने. दुसरा ओठही गेला.

बाहेर नाना शेटजींना पाऊस किती पडला ते सांगत होते. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

नंतर मी जे केलं ते चूक नव्हतं, लबाडी होती. चूक तोवर होऊन गेली होती. मी लहान हातोडीने वळलेले ओठ दाबून बसवले, बारीक कानसेने वरची धार मारली. पट्टीवरच्या ओरखड्यावर तेल आणि काजळी चोळली. मग थोडी लाख तापवली, तिच्यात कुंकू मिसळलं. दुकानात बंदुकांच्या पूजेचं कुंकू असायचंच. ते मी फाटलेल्या खाचेत भरलं आणि बोटाने सपाट केलं. आता ती पुन्हा एक लाल रेघ दिसत होती. घोड्याच्या फटीतून आत भरपूर तेल सोडलं, घोडा मागे-पुढे केला. तेलाने आतली कळ सैल झाली आणि तो टिकला. म्हणजे चढवला की काही वेळ उभा राहू लागला.

आबा आले तेव्हा मी म्हणालो, "आबा, पेच उघडावाच लागला नाही. तेल सोडलं, घोडा टिकतोय. नानांना मोटार आहे."

त्यांनी घोडा चढवून पाहिला. टिकला. "बरं झालं," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. उगीच उघडावी न लागलेली बंदूक त्यांना नेहमी आवडायची. तेलाच्या फडक्याने पुसताना त्यांचा अंगठा त्या पेचावर थांबला.

"हे कुंकू राहिलंच."

"परवा परत भरणारच की आबा, पूजेला."

ते हसले. दुकानाची एक रीत होती. बंदूक परत द्यायची ती आबांनीच, दोन्ही हातांनी, नळ्या बिजागरीवर खाली मोडून, आतून उजेड दाखवून. आणि देताना म्हणायचं, "रिकामी आहे, बघून घ्या. माझ्या हातची आहे." नवं गिऱ्हाईक असो की जुनं, हे वाक्य चुकायचं नाही. काही बिघडलं तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. त्या दुपारीही शेटजींच्या समोर ते म्हणाले, "माझ्या हातची आहे, नाना."

मी तिथेच उभा होतो.

दसरा झाला. काही दिवसांनी नाना बंदूक घेऊन आले, ते बसलेच नाहीत. त्यांच्या घरी पूजेआधी बंदुकीला कोमट पाण्याने पुसून काढायची पद्धत. पुसताना लाखेची खपली निघाली. पूजेला जळगावचा साडू आलेला. त्याने बंदूक उचलून चार लोकांत विचारलं, "पाटील, हिला कोणी खलबत्त्यात घालून कुटली काय?" आणि घोडाही पुन्हा पडू लागला होता.

"आबा, मना बापनी बंदूक शे," नाना म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "बठ्ठा गाव तुमनं नाव सांगस म्हनीसन तुमना कडे उनू. हाई काय करी ठेवं तुमी?"

शेटजी त्यांच्या गादीवरून उठून आले. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले.

आबांनी बंदूक घेतली. अंगठ्याने पेचाचं डोकं चाचपलं, मग तितराची मान. पुष्कळ वेळ चाचपत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता. मला ते फार वर्षं उमगलं नव्हतं, आता उमगतं, की ते मला पकडत नव्हते, खरंच विचारत होते.

"भाऊ, तू हात लावला होता का ह्याला?"

"नाही आबा," मी म्हणालो. "सकाळी तुम्हीच पेचकस लावून बघितला होता."

दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पहिल्या वाक्याने मी स्वतःला वाचवलं होतं. दुसऱ्याने मी त्यांना ढकललं. सकाळी त्यांनी पेचकस लावला होता हे खरं होतं, नानांनीही ते पाहिलं होतं.

आबा आठवायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. स्वतःच्या हाताला ते विचारत होते आणि हात काही सांगत नव्हता. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातून गेलं. आणि मला कळलंबी नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आबा, तुमी टोपी नका काढा," नाना गडबडून म्हणाले. त्यांचा राग एका क्षणात उतरला. "व्हई जास. वय व्हयनं आते. मानूस शे."

"डोया गयात आबाना," रस्त्यावरचा कोणीतरी हळूच म्हणाला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

त्या बंदुकीला आबांनी पुन्हा हात लावला नाही. नाना धुळ्यात थांबले आणि दुरुस्ती मी केली. आबा बाजूला स्टुलावर बसून सांगत होते. तेल सोडून ठेव. सकाळी लोखंडी कांडी तापवून पेचाच्या डोक्यावर धर, लोखंड फुगेल, गंज सुटेल. पेचकस घास, अजून घास, खाचेच्या बुडाला टेकू दे. आता बंदूक गादीवर आडवी ठेवून वरून दाब, दाब सोडू नको, दाब आधी, फिरव मग. उजवीकडे किंचित घट्ट कर, मग उलट.

पेच सुटला. मला तो आवाज अजून ऐकू येतो, एक बारीक कुरकुर.

फाटलेलं डोकं सुधारायचं तर आधी कापायचं नसतं. फाटलेला धातू कुठे गेलेला नसतो, बाजूला सरकलेला असतो. पेच तांब्याच्या पत्र्यात गुंडाळून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने कडेकडून खाचेकडे हलके ठोके देत धातू परत त्याच्या जागी आणायचा. खाच जवळजवळ बुजते. मग पातळ कानसेने ती नव्याने उघडायची, जुन्या रेषेतच. डोक्याचा गोल घुमट पुन्हा घासायचा. शेवटी तापल्या वाळूत ठेवून मोरपिशी निळा रंग चढला की तेलात बुडवायचं. आबा एकेक पायरी सांगत होते आणि मी करत होतो. माझे हात छान चालत होते. हे सांगायलाही लाज वाटते, पण त्या दिवसाइतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

कळ साफ झाली, घोडा पक्का टिकू लागला, पेच बसला आणि खाच नळीच्या रेषेत आली. तितराच्या मानेवर मात्र रेघ राहिली. कोरीव काम कोणाला परत करता येत नाही.

आबा मला म्हणाले, "तूच दे."

मी नळ्या मोडून उजेड दाखवला आणि म्हणालो, "माझ्या हातची आहे."

नानांनी पेच निरखून पाहिला, मान डोलावली आणि शेटजींकडे बघून बोलले, "गुरूनी बिगाडं, चेलानी सुधारं."

शेटजींना ते वाक्य आवडलं. महिन्याभरात ते गल्लीभर झालं.

आबांनी दुकान सोडलं. मी सोडायला लावलं असं कोणी म्हणणार नाही. मी तर दोनदा 'नका जाऊ' म्हणालो. परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून ते स्वतः माझ्याबरोबर कचेरीत आले आणि साहेबापुढे म्हणाले, "ह्याचा हात चांगला आहे, मी बघितला आहे." मी मान खाली घालून उभा होतो. साहेबाला तो विनय वाटला असेल.

घरी ते रिकामे बसले नाहीत. ओट्यावर बसून गल्लीतल्या बायकांची कुलपं, अडकित्ते, स्टोव्ह दुरुस्त करायचे. एखादा शिकारी जुन्या ओळखीने बंदूक घेऊन आला तर त्याला माझ्याकडे पाठवायचे. मी येता-जाता पाहायचो. कुलपाच्या आतली बारीक स्प्रिंग चिमट्याने धरून ते एका झटक्यात बसवत. मापायचे, थांबायचे, मग दाबायचे. त्यांचं काही घसरत नव्हतं.

एकदा, लढाईचे दिवस होते, कामाला घासलेट मिळत नव्हतं म्हणून मी दुपारचंच दुकान बंद करून त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं आणि उजवा हात माझ्यापुढे धरला, बोटं पसरून.

"बघ रे भाऊ. थरथरतो का? मला तर दिसत नाही. पण मग ते झालं कसं?"

हात स्थिर होता. पाटावर ठेवल्यासारखा. मला एवढंच म्हणायचं होतं, की आबा, नाही थरथरत. पण हात थरथरत नसेल तर तो पेच कोणी फाडला, हा पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर येणारच होता.

"थोडा," मी म्हणालो. "वयाचा आहे."

त्यांनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवला. पुन्हा त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. माझ्या आयुष्यात पेच फाडण्यापेक्षा, टोपी काढायला लावण्यापेक्षाही वाईट काम मी ते केलं. पहिल्या दोन वेळी मी घाबरलेलो होतो. त्या दुपारी मी घाबरलेलो नव्हतो. दुकान चांगलं चाललं होतं आणि मला ते तसंच चालायला हवं होतं.

लढाई संपायच्या सुमारास आबा गेले. दिवसपाणी झाल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. त्या ज्वारी निवडत होत्या. निवडायचं त्यांनी थांबवलं नाही. मी रडलो, तेही त्यांनी पाहिलं. सगळं सांगून झाल्यावर सूप बाजूला ठेवून म्हणाल्या,

"सुईत दोरा तेच ओवून द्यायचे मला. त्या दसऱ्यानंतर कधी ओवला नाही. म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी शेजारच्या पोरीला हाका मारायची."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला सांगून काय होईल? मला तर माहीतच होतं ते तसं करायचे नाहीत. ज्यांच्यापुढे त्यांनी टोपी काढली, त्यांना जाऊन सांग. शेटजींना सांग, नानांना सांग."

"सांगतो अक्का."

दुसऱ्या दिवशी मी शेटजींच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते लोड सरकवून म्हणाले, "या मिस्त्री. आबा गेले, आता गल्लीत तुम्हीच आबा." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काय?" त्यांनी विचारलं.

"ऊन फार आहे आज," मी म्हणालो.

चोपड्याला मी गेलोच नाही. आधी केळीचा हंगाम आहे म्हणालो, मग रस्ते खराब आहेत म्हणालो. पुढे नाना गेल्याची खबर आली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही इथे लिहून ठेवतो.

अक्का बाजाराला जाताना दुकानावरून जायच्या. पायरीशी थांबून, आत न येता, हळू आवाजात विचारायच्या, "सांगितलं का?"

"नाही अक्का."

"बरं."

आणि पुढे जायच्या. त्यात टोमणा नव्हता, शाप नव्हता. भाजी आणली का विचारावं, तसं विचारायच्या. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी विचारायच्या, आणि गिऱ्हाईकाला काही कळायचं नाही. मी मात्र बुधवार-शनिवारी त्यांची चाहूल लागली की मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जायला लागलो. मग त्या बाहेरच थांबायच्या, मी येईपर्यंत.

स्वातंत्र्याच्या वर्षी त्या भावाकडे पिंपळनेरला राहायला निघाल्या. इथे त्यांचं कोणी उरलं नव्हतं. मी त्यांचं गाठोडं आणि पत्र्याची पेटी मोटारीच्या टपावर चढवली, खिडकीतली जागा धरून दिली, पाण्याचा तांब्या हातात दिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीखाली उभा राहिलो. त्या विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ह्या वेळी 'उद्या सांगतो' म्हणणार होतो, आणि खरंच सांगायचं असं मनाशी ठरवलंही होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि समोर बघू लागल्या. मोटार सुटली. त्यांनी विचारलं नाही.

आता विचारणारं कोणी नाही, म्हणून न विचारता लिहितो. चोपड्याच्या नानांच्या बंदुकीचा डावीकडचा आडवा पेच मी फाडला. तितराच्या मानेवरची रेघ माझी. आबांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. माझ्या मुलाने ही गोष्ट दुकानात यापुढे मी इथे लिहिली तशीच सांगावी.